हातातला श्वास

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर. यांपैकी कुठेही ऑपरेशननंतर पेशंट खालावला की बहुधा पुणे-नाशिक रस्ता धरावा लागतो, तोंड पिंपरीच्या वायसीएम नाहीतर पुण्यातल्या ससून रुग्णालयाकडे. मंचरहून पुणं साठेक किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या आसपास. चाकणला वाहतूक तुंबली की किलोमीटरला अर्थ उरत नाही, ऑक्सिजन सिलिंडरचा हिशेब सुरू होतो. दीड हजार लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला १० लिटरने अडीच तास पुरतो. जाणती सिस्टर तो दोनच तासांचा धरते.

रुग्णवाहिकेत सोबत मॉनिटर असतो, सिरिंज पंप असतो, कधी छोटा व्हेंटिलेटरही. या सगळ्यांना बॅटरी लागते. अंबू बॅगला लागत नाही, म्हणून अनुभवी परिचारिका ती उशाशीच ठेवते. पिशवी दाबली की हवा पेशंटच्या छातीत जाते, सोडली की पिशवी आपोआप फुगते आणि उच्छ्वास झडपेतून बाहेर पडतो. ऑक्सिजन जोडला तर उत्तम, पण सिलिंडर संपला तरी साध्या हवेवर ती चालत राहते.

१९५२च्या पोलिओ साथीत कोपनहेगनमध्ये ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हातांनी पिशव्या दाबून रुग्ण जगवले. पुढे १९५६मध्ये तिथल्याच होल्गर हेसे आणि हेनिंग रुबेन यांनी आपोआप फुगणारी ही पिशवी आणली.

जुन्नर-आंबेगाव तालुक्यांना हाताने श्वास देण्याचं मोल आणखी एका कारणाने कळलेलं आहे. हा सर्पदंशाचा मुलूख. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी इथे सर्पदंशाच्या उपचारांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मण्यार चावली की नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश थांबतो. पापण्या मिटतात, मग श्वास मंदावतो. एकदा झालेली इजा प्रतिविषाने लगेच भरून येत नाही, तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला दिलेली औषधंही नस आणि स्नायू यांच्या याच सांध्यावर काम करतात. त्यांचा अंमल पुरता उतरला नसेल तर पेशंट शुद्धीवर येतो, पण खोल श्वास घेऊ शकत नाही. हा अंमल उतरवायला वापरलं जाणारं निओस्टिग्मिन नागाच्या दंशातही उपयोगी पडतं. दोन्हीकडे डोळे न उघडणाऱ्या माणसाला ऐकू येत असू शकतं. म्हणून पिशवी दाबताना त्याच्याशी बोलणं हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

घाबरलेला हात पिशवी भराभर दाबतो, आणि खरा धोका तिथेच आहे. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एक श्वास पुरे, तोही छाती जेमतेम उचलेल इतकाच. जास्त दाबलं तर हवा पोटात जाते, उलटी होते. आधीच रक्तस्राव झालेल्या बाळंतिणीचा रक्तदाब आणखी घसरतो. शिवाय मास्क गच्च धरायला एक माणूस आणि पिशवी दाबायला दुसरा असेल तरच काम नीट होतं.

राज्यातली १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४मध्ये सुरू झाली. तिच्या ९३७ गाड्यांपैकी प्रगत सोयीच्या २३३ होत्या, उरलेल्या ७०४ प्राथमिक. व्हेंटिलेटर वाढायलाच हवेत. पण ऑपरेशन झालेल्या पेशंटसोबत सराव असलेली परिचारिका देणं मला त्याहून तातडीचं वाटतं. निघण्याआधी तिने झडपेचं तोंड तळव्याने बंद करून पिशवी दाबून पाहावी. धुतल्यानंतर झडप उलटी बसली असेल, तर ते वॉर्डातच कळायला हवं, खेड घाटात नव्हे.