बाळू पालवणकर आणि न मिळालेले कर्णधारपद

पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून आमच्या वसतिगृहात आलेली मुले सुट्टीच्या दिवशी मैदानावर संघ पाडतात, तेव्हा पहिले भांडण कर्णधार कोण यावरच जुंपते. इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही त्यांना अशा वेळी बाळू पालवणकरांची हकीकत सांगतो. स्मरणिकेच्या वाचकांसाठी तीच येथे मांडत आहोत.

बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात मैदानाची निगा राखण्यासाठी ते दरमहा ४ रुपयांवर राहिले. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र हाती कोणी दिली नाही. पुढे पुण्यातील हिंदू संघाला साहेबांना हरवावयाचे होते, म्हणून बाळूंना बोलावणे आले. मैदानात सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा, आणि चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा! चेंडू विटाळत नव्हता, चहा विटाळत होता. चवदार तळ्याच्या गावी राहणाऱ्यांना हे शास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ वारंवार हरला. परंतु बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. १९१२ पासून युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान यांची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. अनुभव व कर्तबगारी पाहता हिंदूंचे नेतृत्व बाळूंकडे यावयास हवे होते. ते आले नाही. येथे कर्णधारपदाचा अर्थ ध्यानी घ्यावा. कर्णधार सवर्ण खेळाडूंना हुकूम देतो, मेजवानीत संघाच्या वतीने अग्रभागी बसतो. अस्पृश्याची गोलंदाजी चालत होती, त्याची आज्ञा चालत नव्हती.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या धाकट्या भावांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. निवड समितीला नमावे लागले. बाळू उपकर्णधार म्हणून परतले. अंतिम सामन्यात कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघ चालविला. 'सर, म्हणजे झाले की नाही?' असे मुले विचारतात. उत्तर देणे कठीण जाते.

१९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाले व हिंदू संघ जिंकला. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव संमत झाला. महाडात तो ठराव पाण्यापर्यंत पोहोचण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

आता एक अप्रिय गोष्ट. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. हे आमच्या ज्येष्ठांना बोचते. म्हणून आपल्याही सभांतून त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते. आमच्या मते ते राजकारणात चुकले. तथापि जिमखान्याने जात पाहून मागे ठेवलेल्या माणसाला आपण पक्ष पाहून विसरावे, हे आम्हांस पटत नाही.

४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. शाळेच्या दर्शनी फळ्यावर आम्ही स्मृतिदिनांची यादी लिहितो. यंदा तीत ही तारीख घातली आहे.