प्रश्न सगळ्यांनाच विचारायला हवेत

पडून मुका मार लागायला आधी उभे राहता यावे लागते. ही साधी गोष्ट १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने आकड्यांत मांडली. नेहमीच्या तपासणीला आणलेल्या ९७३ लहान मुलांत, चालणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या अंगावर काळेनिळे डाग होते. सहा महिन्यांच्या आतल्या ३६६ बाळांपैकी फक्त दोघांच्या. धावत्या पोराच्या नडगीवरच्या डागाचे कोणी काही मनावर घेऊ नये. पण कूसही न वळणाऱ्या तान्ह्याच्या अंगावर डाग दिसला, तर तो कसा झाला हे विचारलेच पाहिजे. जागाही बोलते. कान, मान, पोट, पापणी, वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी नाजूक पट्टी, या ठिकाणी साध्या पडण्याने सहसा इजा होत नाही.

हे ज्ञान नवे नाही. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांची लक्षणे १९६२ मध्येच मांडली होती. तरी निदान हुकते, आणि ते कोणाचे हुकते हे पाहण्यासारखे आहे. १९९९ च्याच दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात, मारहाणीमुळे डोक्याला इजा झालेल्या १७३ लहानग्यांपैकी ५४ जणांना आधी डॉक्टरांनी तपासले होते आणि खरे कारण त्यांच्या लक्षात आले नव्हते. गोऱ्या घरांतल्या, आईवडील एकत्र राहत असलेल्या मुलांच्या बाबतीत ही चूक जास्त झाली. घर चांगले दिसले की शंका मनात येतच नाही. गरीब, एकट्या आईवर मात्र ती चटकन येते. म्हणून माझे म्हणणे असे, की शंका घेणे डॉक्टरच्या मर्जीवर सोडू नये. जखमी होऊन आलेल्या प्रत्येक मुलासाठी तेच प्रश्न विचारले जावेत.

नेदरलँड्समधल्या सात रुग्णालयांनी हे करून पाहिले. तिथल्या फॉर्मवर सहाच प्रश्न होते: सांगितलेली हकीकत जुळते का, आणायला विनाकारण उशीर झाला का, या वयाच्या मुलाला अशी इजा होऊ शकते का, अशा प्रकारचे. लाखाहून अधिक मुलांच्या या अभ्यासात, फॉर्म भरलेल्यांत छळाचा संशय ०.५ टक्के मुलांबाबत नोंदला गेला, न भरलेल्यांत ०.१ टक्के. ज्यांच्याविषयी आधीच शंका होती त्यांचेच फॉर्म आवर्जून भरले गेले असतील, हा आक्षेप रास्त आहे. सगळा फरक फॉर्मचाच म्हणता येणार नाही. पण प्रश्न छापलेला असला की तो विचारायला धाडस लागत नाही, आणि पालकांनाही तो आपल्यालाच टोचून विचारला असे वाटत नाही.

खरी भीती निरपराध आईवडिलांना गोवले जाण्याची आहे, आणि ती खोटी नाही. डागांच्या जागा आणि वय पाहून ठरवण्याची जी पद्धत २०२१ मध्ये तपासली गेली, तिने छळ झालेली सुमारे ९५ टक्के मुले ओळखली. पण अपघाताने मार लागलेल्या शंभरांतली तेराएक मुलेही तिच्या जाळ्यात आली. मुडदूस, रक्त न गोठण्याचे विकार, हाडे ठिसूळ करणारे जन्मजात आजार यांतूनही असेच चित्र दिसते. त्यामुळे फॉर्मवरची खूण म्हणजे आरोप नव्हे. तिच्यानंतर बालरोगतज्ज्ञाची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, गरजेप्रमाणे सर्व हाडांचे एक्स-रे, आणि समाजसेवकाने घरच्यांशी शांतपणे बोलणे हे सगळे यायला हवे.

आपल्याकडे नेमकी ही मधली पायरी लंगडी आहे. संशय आला की एमएलसी (मेडिको-लीगल केस), म्हणजे थेट पोलीस. मग 'एमएलसी करू नका' अशी नातेवाइकांची गयावया सुरू होते आणि डॉक्टरही कचरतो. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती हे मार्ग अपघात विभागातल्या शिकाऊ डॉक्टरलाही तोंडपाठ हवेत. आणखी एक काम तर बिनखर्चाचे आहे. आपल्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर डाग असतात. अनोळखी डॉक्टरला ते माराचे वाटू शकतात. प्रसूतीनंतर घरी सोडताना ते कुठे आहेत हे कार्डावर लिहून द्यावे.