पायताणाची किंमत

मंडळी, आज आपण रोज पायाखाली असणाऱ्या एका वस्तूविषयी वाचू. ती वस्तू म्हणजे चप्पल. आमच्या कोल्हापूरकडे तिला पायताण म्हणतात.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, चपलेविषयी काय वाचायचे? चप्पल पायात घालावी, तुटली की टाकून द्यावी. मलाही तसेच वाटत होते. मी जन्मभर कोल्हापुरी चप्पल घालून शाळेत गेलो. मुलांना नाना विषय शिकवले. पण पायातली चप्पल कशी होते, हे काही मला ठाऊक नव्हते. ते मला एका कारागिराने शिकवले. तेव्हा मी साठी ओलांडली होती.

त्याची हकिगत अशी.

जावयासाठी एक चांगला जोड घ्यायचा होता. शेजारच्या गावी एक वयस्कर कारागीर राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी त्यांच्या दारी गेलो. वेणीचा एक जोड मला आवडला. मामांनी किंमत सांगितली पंधराशे रुपये. मी म्हणालो, "हजार घ्या."

मामा रागावले नाहीत. हसून म्हणाले, "गुरुजी, बसा की वाईच. जोड कसा हुतोय तेवढं बघा. मग किंमत तुमीच सांगा. तुमी सांगशीला ती घेतो."

मला काही घाई नव्हती. मी बसलो. तो दिवस बसलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा जाऊन बसलो. त्या दीड दिवसात जे पाहिले आणि ऐकले, ते तुम्हांला सांगतो.

कातडे आणि चामडे

जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे. ते तसेच ठेवले तर दोन दिवसांत कुजते. वाळवून ठेवले तर लाकडासारखे कडक होते. त्याची चप्पल होत नाही. कातडे कमवावे लागते. कमावले की त्याचे चामडे होते. मग ते कुजत नाही आणि वाकवले तरी मोडत नाही.

आपल्याकडे कातडे कमावण्याची जुनी रीत झाडपाल्याची आहे. पूर्वी हे काम ढोर समाजातील कारागीर करीत आणि चपला चर्मकार समाजातील कारागीर करीत. रीत अशी. कातडे आधी स्वच्छ धुतात. मग चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजत घालतात. चुन्याने केस सुटतात. केस आणि आतले मांस खरडून काढतात. मग चुना निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतात.

यानंतर बाभळीची साल आणि हिरडा कुटून घेतात. त्यांचा काढा करतात. हिरडा जिभेवर ठेवला की तोंड कसे आवळून येते, ते तुम्हांला माहीत आहेच. बाभळीच्या सालीतही तोच तुरटपणा असतो. तो तुरट रस कातड्याच्या तंतूंत शिरतो. तंतूंना घट्ट धरतो. मग कुजवणाऱ्या जंतूंचे तिथे काही चालत नाही.

हा रस आत कसा मुरवायचा? त्याची युक्ती ऐका. कातडे कडेने शिवून त्याची मोठी पिशवी करतात. ती उंच टांगतात. तिच्यात सालीचा चुरा आणि काढा भरतात. काढा कातड्यातून हळूहळू झिरपतो आणि खाली ठेवलेल्या भांड्यात पडतो. तो पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे दोन्ही टोके सारखी कमावली जातात. या साऱ्या कामाला कित्येक आठवडे लागतात.

आता कारखान्यात क्रोम नावाच्या धातूचे क्षार वापरून हेच काम थोड्या दिवसांत होते. ते चामडे मऊ असते. पण त्याचे सांडपाणी साफ न करता ओढ्यात सोडले, तर पाणी आणि जमीन दोन्ही नासतात. कोल्हापुरी चपलेच्या तळाला जाड, घट्ट चामडे लागते. त्याला सालीचे चामडेच चांगले. गावोगावचे कमावण्याचे कुंड आता बहुतेक बंद पडले आहेत. बरेचसे चामडे तमिळनाडूतून येते.

मामा चामडे वाचतात

मामांनी एक चामडे जमिनीवर पसरले. त्यावरून हात फिरवला. म्हणाले, "हे पाठीचं, तळाला चालतंय. हे पोटाचं, हे ताणतंय, तळाला नको. आणि ह्ये बघा, हितं जनावराला काटा लागलावता."

मी चष्मा लावून पाहिले. मला काही दिसेना. माझ्या डोळ्यांना ते सारे चामडे एकसारखेच होते.

मंडळी, तुम्ही शिकायला आलात तो पहिला दिवस आठवा. फळ्यावर गुरुजींनी अक्षरे काढली होती. तुम्हांला त्या नुसत्या रेघा दिसत होत्या. आता त्याच रेघा तुमच्याशी बोलतात. तसेच हे. मामांशी चामडे बोलत होते. माझ्याशी बोलत नव्हते. चामड्याच्या शाळेत मी त्या दिवशी निरक्षर होतो.

जोड कसा तयार होतो

मामांनी म्हशीच्या जाड चामड्यातून तळ कापले. कापण्याच्या हत्याराला रापी म्हणतात. चामडे पाण्याच्या कुंडीत भिजवले. मग दगडावर ठेवून मोगरीने ठोकले. ठोकल्याने चामडे दाबले जाते आणि लवकर झिजत नाही.

चपलेचा तळ एकाच चामड्याचा नसतो. वर एक थर, खाली एक थर, मध्ये चामड्याचे तुकडे, आणि मागे टाच. तळाच्या दोन्ही बाजूंना दोन लहान तुकडे बाहेर काढलेले असतात. त्यांना कान म्हणतात. ते दोन थरांच्या मध्ये शिवून पक्के करतात. या कानांत पायावरचा पट्टा बसतो. पुढे अंगठा अडकवायला कडे असते. त्याला अंगठाच म्हणतात.

खऱ्या जुन्या रीतीच्या जोडात खिळा नसतो. मामा आरीने भोक पाडत होते आणि त्यातून चामड्याची बारीक वादी ओवून टाके घालत होते. दोराही चामड्याचाच! एका तळाला किती टाके, ते मी मोजू लागलो. शंभराच्या आसपास माझी मोजणी चुकली.

मामी शेजारीच बसल्या होत्या. त्या शेळीच्या पातळ चामड्याचे दोऱ्यासारखे पदर कापून वेणी घालत होत्या. पोरीची वेणी घालावी इतक्या सहज बोटे चालत होती. दोन्ही चपलांच्या वेण्या अगदी एकसारख्या झाल्या. शेवटी त्यांनी छोटा गोंडा लावला. चप्पल विकताना नाव पुरुषाचे होते, पण तिचे निम्मे काम घरातल्या बाईचे असते, हे मी तिथे पाहिले.

अखेर मामांनी कडा रापीने तासल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि जोडाला तेल पाजले. जोड तयार झाला.

चला, हिशेब करू

आता मामा म्हणाले, "सांगा गुरुजी किंमत."

मी खिशातून कागद काढला. तुम्हीही पाटीवर मांडा. जोडाची किंमत १५०० रुपये. चामडे, तेल, रंग यांचा खर्च मामांनी सांगितला ७०० रुपये. उरले ८००. मामांचे काम दीड दिवस, मामींचे दीड दिवस. मिळून तीन दिवसांचे काम. ८०० भागिले ३, म्हणजे रोजचे २६६ रुपये. आमच्याकडे शेतावर रोजाने जाणाऱ्यालाही याहून जास्त मिळतात.

आता माझा भाव बघा. मी १००० देत होतो. त्यातून ७०० गेले. उरले ३००. भागिले ३. म्हणजे माणशी दिवसाला १०० रुपये!

मी मुलांना चाळीस वर्षे भागाकार शिकवला. पण हा भागाकार कधी केला नव्हता. शहरातल्या दुकानात काचेमागे ठेवलेल्या बुटाची किंमत आपण निमूट देतो. तिथे घासाघीस करायची आपल्याला लाज वाटते. आणि जो समोर बसून हाताने काम करतो, त्याच्याशी मात्र पाच-पाच रुपयांसाठी भांडतो. मंडळी, हे बरोबर आहे का? मी पंधराशे रुपये दिले. उपकार म्हणून नव्हे. तो हिशेबच तसा होता.

पायरीखालची गोष्ट

निघताना मामा सहज म्हणाले, "माझं वडील तुमच्याच गल्लीत जोड द्यायला यायचं. पायरीखाली जोड ठिवायचं. पैसं वरनं टाकायची माणसं."

मला माझे लहानपण आठवले. नवा जोड आला की आजी त्यावर पाणी शिंपडायची. मगच तो घरात घ्यायची. मला वाटे, चामडे मऊ व्हावे म्हणून ती तसे करते. त्यामागचे खरे कारण मला फार उशिरा कळले. ज्याच्या हाताचे काम आम्ही पायात मिरवत होतो, त्याचा हात आम्हांला चालत नव्हता.

ही गोष्ट कोल्हापूर संस्थानच्या मुलखातली आहे. तिथे शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ राज्य केले. त्यांनी या कारागिरांना आश्रय दिला. १९१९ साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर एकाच शाळेत घ्यायला लावले. पुढे १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. कायदा झाला. पण तो आमच्या घराच्या पायरीपर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

मामांचा मुलगा शहरात नोकरी करतो. त्याला हे काम करायचे नाही. मामा त्याला दोष देत नाहीत. ज्या कामात पैसा कमी आणि मान त्याहून कमी, ते काम पोराने का करावे? पण मामांच्या मागे ते चामडे कोण वाचणार?

जगात नाव झाले

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला सरकारची भौगोलिक ओळख मिळाली. म्हणजे काय? तर ठरलेल्या मुलखात, ठरलेल्या रीतीने केलेल्या चपलेलाच कोल्हापुरी म्हणता येते. हा मुलूख आठ जिल्ह्यांचा आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून ही ओळख मागितली होती.

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतल्या मिलान शहरात प्राडा नावाच्या बड्या कंपनीने अशाच घडणीच्या चपला लोकांसमोर आणल्या. कोल्हापूरचे नाव मात्र घेतले नाही. इकडे लोकांनी आवाज उठवला. तेव्हा कंपनीने मान्य केले, की ही कल्पना भारतातल्या कारागिरांची आहे. डिसेंबरमध्ये तिने त्या दोन महामंडळांशी करारही केला. परक्या मुलखातल्या माणसांना जे दिसले, ते आपल्याच पायाखाली होते.

चांगला जोड कसा ओळखावा

१. चप्पल उलटी करून पाहा. तळ चामड्याचा आणि वादीने शिवलेला असावा. रबर आणि खिळे दिसले तर तो जुन्या रीतीचा जोड नव्हे.

२. कडेने थर पाहा. हलक्या मालात मध्ये पुठ्ठा घालतात. तो पहिल्या पावसात फुगतो.

३. चामड्यावर पाण्याचा एक थेंब टाका. सालीच्या चामड्यात तो हळूहळू मुरतो आणि तिथे काळपट दिसते. प्लास्टिकवरून तो ओघळून जातो.

४. दोन्ही चपलांच्या वेण्या, कान आणि टाके जुळवून पाहा.

नवा जोड चावतो. घाबरू नका. जिथे चावतो तिथे खोबरेल लावा. पहिले काही दिवस रोज थोडा वेळच घाला. जोड हळूहळू तुमच्या पायाचा होतो. पावसात घालू नका. भिजलाच तर सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलात तर तडकेल. एखादा टाका उसवला तर लगेच घालून घ्या. असा सांभाळलेला जोड वर्षानुवर्षे टिकतो.

जावयाला जोड फार आवडला. त्यांनी आणखी एक सांगितला आहे. या वेळी जोड द्यायला मामाच आमच्याकडे आले. मी त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवले. घरात चहा झाला. मामांनी पिशवीतून जोड काढून माझ्या हातात दिला. मी पैसे मोजून त्यांच्या हातात दिले. बाहेर पडताना ते आमच्या पायरीवर क्षणभर थांबले. खाली पाहिले. मग चपला पायात घालून चालू लागले.