संस्थेचं दप्तर सांभाळणारा माणूस

पनवेल तालुक्यात तारा गावी काम करणारं युसुफ मेहेरअली सेंटर ही १९६१पासूनची संस्था. दवाखाना, शाळा, तेलघाणी, साबण असा तिचा व्याप. नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठीचं शांतिवन. अशा जुन्या संस्थांची घडी बसलेली असते. पण गल्लीतलं महिला मंडळ किंवा पाड्यावर अभ्यासिका चालवणारी पोरं यांच्याकडे उमेद असते, कागद नसतात. त्यांना हात देणं हा आता पूर्णवेळ पेशा आहे.

नोंदणीला १८६०चा संस्था नोंदणी कायदा (किमान सात सभासद) आणि १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. गाडं अडतं ते इथे. अध्यक्ष वारतात, नवे निवडले जातात, पण इतिवृत्ताच्या वहीत ठरावच नसतो. पुढे बँक नव्या सहीला हरकत घेते. सूचक, अनुमोदक, हजर सभासदांच्या सह्या, हे सगळं त्याच सभेत लिहून घेणारा कार्यकर्ता मंडळ जगवतो. भाषणं करणाऱ्यापेक्षा त्याची गरज मोठी आहे.

देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून ८०जी नोंदणी. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीसाठी २०२१पासून सीएसआर-१ नोंदणीही हवी. अशा कंपन्यांची तळोजा औद्योगिक वसाहत पनवेलहून हाकेच्या अंतरावर आहे.

या पेशासाठी शिक्षण एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी): मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था (१९३६) किंवा निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. हिशेब चोख ठेवणारे बी.कॉम.ही चालतात. पगार बेताचा, बऱ्याचदा प्रकल्पापुरता. त्यामुळे एकाच वेळी तीन-चार संस्थांचं काम पाहणं परवडतं.