मांडव्याची सफर आणि अष्टमीचे पाणी

नाशिकच्या गंगापूर रोडवरून सरळ पुढे जात राहिले, की गंगापूर धरणाचा जलाशय लागतो. सुटीच्या दिवशी आम्ही काही शिक्षक मुलांना घेऊन तेथे जातो. पक्षी पाहतो, दगड गोळा करतो आणि डबे खाऊन परत येतो. अशाच एका सहलीत नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, शिडाची होडी वाऱ्याबरोबर जाते हे ठीक आहे. पण मग ती परत कशी येते?”

प्रश्न साधा वाटतो. मी फळ्यावर काढतात तशी आकृती वाळूत काढली, बाणही दाखवले. तिने मान डोलावली, पण तिला पटले नव्हते. खरे सांगायचे तर आकृती काढताना मलाही ते पुरते पटत नव्हते. मी तोपर्यंत शिडाच्या होडीत कधी पाऊलच टाकले नव्हते. तेव्हा ठरले, की प्रत्यक्षच जाऊन पाहायचे.

मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांचा छंद जुना आहे. तेथील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. आज बंदरात असे इतरही क्लब आहेत. त्यांतल्या एका क्लबाचे एक सभासद ओळखीचे निघाले. दोन होड्या, प्रत्येकीवर एक जाणता खलाशी, आम्ही दोन शिक्षक आणि नऊ विद्यार्थी असा बेत जमला. सकाळी गेट वे ऑफ इंडियापासून निघायचे, खाडीचे तोंड ओलांडून अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या उपसागरात नांगर टाकायचा, जेवायचे आणि संध्याकाळच्या आत परत यायचे. अंतर सरळ रेषेत सुमारे १४ किलोमीटर, दिशा दक्षिणेची, किंचित पूर्वेकडे झुकलेली.

तारीख मी ठरवली. पौष पौर्णिमेचा रविवार. शाळेला सुटी आणि येताना चंद्र दिसेल, एवढाच विचार. त्या सभासदांनी फोनवर “दिवस जरा बदलता येईल का?” असे विचारले होते. मी हट्ट धरला. त्याचे काय झाले ते आता सांगतो.

साडेसात वाजता होड्या सुटल्या. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो. कोकणात त्याला मतलई वारा म्हणतात. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र मात्र उबदार राहतो. समुद्रावरची हवा वर चढते आणि तिच्या जागी जमिनीवरची गार हवा सरकते. दुपारी याच्या उलट घडते. कोरडी माती पाण्यापेक्षा चार-पाच पट सहज तापते. शिवाय पाण्यातले ऊन खोलवर पसरते आणि लाटा ती उष्णता घुसळतात, म्हणून समुद्राचा पृष्ठभाग फारसा तापतच नाही. मग समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुटतो. कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्यावर घरी येत. निसर्गाने जाण्यायेण्याची अशी फुकट सोय करून ठेवली आहे, हे मला पुस्तकातून माहीत होते. म्हणून मी निश्चिंत होतो.

शिडे फुगली. होडीच्या नाळेपाशी पाणी खळखळू लागले. मुले खूश झाली. पण अर्ध्या तासाने एका मुलाच्या ध्यानात आले, की बंदराच्या तोंडाशी खडकावर उभे असलेले सन्क रॉकचे दीपगृह होते तेथेच आहे. पाणी मागे पळते आहे, होडी चालल्यासारखी दिसते आहे आणि दीपगृह मात्र जवळ येत नाही! आणखी काही वेळाने वारा मंदावला आणि दीपगृह चक्क दूर जाऊ लागले. आम्ही मांडव्याकडे तोंड करून गेट वेकडे निघालो होतो.

आमच्या होडीवरचा खलाशी जातीचा कोळी. तो हसून म्हणाला, “गुरुजी, आज पुनव हाय. पानी चढतंय. तिथी नाय बगितली?”

मित्रांनो, तिथीचा आणि पाण्याचा हा हिशेब तुम्हीही करून पाहा. मुंबईच्या किनाऱ्यासाठी तो असा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. पौर्णिमेला १५ × ¾ = ११¼, म्हणजे सव्वाअकरा. याचे कारण असे, की चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच उशिरा येते. दररोज पाऊण तास धरला तर पंधरा दिवसांत सव्वाअकरा तास होतात आणि चक्र जवळजवळ पुन्हा जागेवर येते. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण ज्याच्याजवळ छापील तक्ता नाही त्याला एवढे पुरे. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर पाण्याच्या पातळीची नोंद १८७८ सालापासून होत आली आहे.

आता आमची चूक पाहा. पूर्ण भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटीची सीमा त्याच्या सुमारे सव्वासहा तास आधी, पहाटे पाचला. पाच ते सव्वाअकरा पाणी खाडीत शिरत होते, म्हणजे उत्तरेकडे जात होते, आणि आम्हाला जायचे होते दक्षिणेला. बरे, पाणी या सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. खलाश्यांचा एक ठोकताळा आहे. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी आत येते. पौर्णिमेला मुंबईत पाण्याची चढउतार चार मीटरच्या वर जाते. आम्ही नेमके त्या मधल्या तासांत, प्रवाहाचा वेग दोन नॉटच्या आसपास असताना, त्याच्या तोंडात उभे होतो. (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.) मंद वाऱ्यात होडीचा पाण्यातला वेगही तेवढाच. दोनातून दोन गेले, शून्य उरले. सापेक्ष वेगाची उदाहरणे मी वर्षानुवर्षे आगगाड्या आणि नाव घेऊन शिकवीत आलो. त्या सकाळी मीच त्या उदाहरणातली नाव झालो होतो.

“वारा येईल दुपारी, मग जाऊ,” असे मी सुचवले. सभासदांनी कागद काढला आणि हिशेब मांडला. तो पुढे देतो, पण निष्कर्ष एवढाच, की मांडव्याला कसेबसे पोचलो असतो तरी परत येताना रात्र झाली असती. सूर्यास्तानंतर खारा वारा पडतो. नऊ मुले, बंद पडलेली शिडे, मोठ्या जहाजांच्या वाटेत आणि काळोखात. आम्ही होड्या वळवल्या. चढत्या पाण्याने आम्हांला विनासायास गेट वेवर आणून सोडले. मुले हिरमुसली. नाशिकपर्यंतच्या गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या खेपेचा दिवस मुलांनीच काढला. माघ शुद्ध अष्टमी. ८ × ¾ = ६. पूर्ण भरती सकाळी सहाला, ओहोटीची सीमा बाराच्या पुढे आणि पुन्हा भरती संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. म्हणजे सकाळी उतरते पाणी आपल्याला बाहेर नेणार आणि दुपारी चढते पाणी घरी आणणार. शिवाय अष्टमीला सूर्य आणि चंद्र पृथ्वीपासून एकमेकांशी काटकोनात असतात. सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी असते. पौर्णिमेला आणि अमावास्येला दोन्ही मिळून उधाण येते, अष्टमीला एक दुसऱ्यातून वजा होते आणि भांगाची भरती येते. प्रवाह म्हणूनच जेमतेम एक नॉट. अडचण एकच होती. तो दिवस मंगळवार होता. चंद्राला शाळेचे वेळापत्रक ठाऊक नसते, त्यामुळे मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा लागला. कारणाच्या रकान्यात मी ‘भांगाची भरती’ असे लिहिले.

सातला निघालो आणि नऊच्या आत मांडव्याला पोचलो. याहून अधिक सांगण्यासारखे जातानाच्या प्रवासात काही घडले नाही, आणि तीच चांगल्या आखणीची खूण!

मांडव्याचा उपसागर देखणा आहे. नारळी-पोफळी, मागे डोंगराची निळी रेघ, उथळ शांत पाणी. हवा स्वच्छ होती, म्हणून नैर्ऋत्येकडे खांदेरीचे बेट धूसर दिसले. १६७९ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे पाठवून तो अडवण्याचा प्रयत्न केला. मराठ्यांची गलबते लहान आणि उथळ तळाची. वारा पडला की ती वल्ह्यांवर चालत. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वाऱ्याची वाट पाहत थांबावे लागे. तेवढ्यात रात्री या लहान होड्या दाणागोटा आणि माणसे बेटावर पोचवून मोकळ्या होत. किल्ला उभा राहिला. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. पौर्णिमेच्या सकाळी निर्वाऱ्यात अडकलेल्या आमच्या मुलांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

दुपारी दोन वाजता खारा वारा भरला. तो वायव्येकडून येत होता. मुळात हा वारा किनाऱ्याशी काटकोनात, पश्चिमेकडून सुटतो, पण पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात आणि दिवस चढतो तसा हा उत्तरेकडे सरकतो. आमचे घर उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे. म्हणजे वारा जवळजवळ तोंडावर. त्या मुलीचा प्रश्न आता समोर उभा होता.

खलाश्याने शीड आवळून घेतले आणि होडी वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून लावली. होडी एका अंगावर कलली आणि वाऱ्याच्या दिशेला चढू लागली. हे कसे होते? कंपासपेटीतला ३०-६० अंशांचा गुण्या घ्या. टेबलावर पट्टी घट्ट दाबून धरा आणि गुण्याची लांब भुजा तिला टेकवून ठेवा. आता गुण्याच्या कर्णावर बोटाने काटकोनात दाबा. तुम्ही दाबता पट्टीकडे आणि गुण्या सरकतो पट्टीच्या बाजूने, पुढे! कर्ण म्हणजे शीड, बोटाचा दाब म्हणजे वाऱ्याने शिडावर दिलेला जोर आणि पट्टी म्हणजे पाणी. होडीच्या तळाखाली एक जड पाते असते, त्याला कील म्हणतात. ते पुढे सहज सरकते, आडवे मात्र सरकत नाही. आडवा जोर ते पाणी दाबून अडवते आणि उरलेला पुढचा जोर होडीला हाकतो. ओला चिंचोका चिमटीत दाबला की सटकन पुढे उडतो, तोच प्रकार.

शिडावर जोर येतो तो वारा नुसता आदळल्यामुळे नव्हे. वक्र शीड वाऱ्याला वळवते. वळवल्या गेलेल्या हवेची प्रतिक्रिया शिडावर होते, फुगीर बाजूला दाब कमी आणि खोलगट बाजूला जास्त असा फरक पडतो. फुगीर बाजूच्या हवेला लांबचा रस्ता गाठून दुसऱ्या बाजूच्या हवेबरोबर पोचायचे असते म्हणून ती वेगाने जाते, असे काही पुस्तकांत आढळते. ते चूक आहे. दोन्ही बाजूंची हवा एकदमच पोचली पाहिजे, असे तिच्यावर कोणतेही बंधन नाही.

थेट वाऱ्यात मात्र कोणतीच होडी जात नाही, शीड नुसते फडफडते. म्हणून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. आमची वाट वाऱ्याशी सुमारे २५ अंशांचा कोन करीत होती. अशा वेळी १४ किलोमीटरांसाठी पाण्यातून सुमारे १८ किलोमीटर चालावे लागते. चार नॉटने, म्हणजे ताशी ७.४ किलोमीटरने, हे अंतर तोडायला २ तास २५ मिनिटे लागतात. घराच्या दिशेने वेग पडला ताशी ५.८ किलोमीटर. आता पौर्णिमेचा तो हिशेब. दुपारची ओहोटी दोन नॉटची, म्हणजे ताशी ३.७ किलोमीटर उलट. उरले २.१ आणि वेळ साडेसहा तासांहून जास्त. दोनला निघून रात्री साडेआठनंतर, तेही वारा टिकला तर. अष्टमीला मात्र एक नॉट आपल्या बाजूने. ५.८ मध्ये १.८५ मिळवा. दोन तासांच्या आत घर.

प्रत्यक्षात आम्हांला अडीच तास लागले. वळण घेताना दर वेळी वेग मोडतो, हे गणितात धरले नव्हते. शिवाय वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. सगळे भिजलो, दोघांना ओकाऱ्या झाल्या. प्रश्न विचारणारी मुलगी सुकाणूवर बसली होती. प्रत्येक वळणाला ती दीपगृहाकडे पाहून कोन सांगत होती. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. हे मी सांगितले तेव्हा तिने विचारले, “त्यांनाही अशीच नागमोडी वळणे घ्यावी लागली असतील?” घ्यावी लागली असणारच.

साडेचारला गेट वेशी लागलो. सूर्य अजून चांगला वर होता.

परतीच्या गाडीत दुसऱ्या एकाने मला गाठले. आपल्या गंगापूर धरणाला भरती येते का? चंद्राची ओढ तेथेही आहे. पण भरती यायला हजारो किलोमीटर पसरलेले पाणी लागते. काही किलोमीटरांच्या जलाशयात या टोकाचा आणि त्या टोकाचा फरक मिलिमीटरहूनही कमी पडतो, आणि एवढा वारा साध्या झुळकीनेही लपवतो. गोदावरीचा उगम अरबी समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर, पण तिचे पाणी पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. गंगापूरच्या पाण्याला भरती भेटते ती थेट आंध्रच्या किनाऱ्यावर. “म्हणजे तिथं पाऊणपट चालेल का?” त्याने विचारले. तो नियम मुंबईचा आहे, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. काकिनाड्याचा तक्ता मिळवून त्याने तो नियम स्वतः शोधायचा, असे इगतपुरी येईपर्यंत ठरले होते.