माणसं गेली, माल उरला

जीवघेण्या साथीतून वाचलेल्या माणसांवरची मालिका बघताना आपल्याला पहिला प्रश्न पडतो तो डॉक्टरी. असा रोग खरंच येऊ शकेल का? लेखकाला हा प्रश्न फारसा सतावत नसतो. त्याला हवी असते जवळजवळ सगळी माणसं उचलून नेणारी, पण घरं, दुकानं, गाड्या आणि गोदामं जशीच्या तशी ठेवणारी आपत्ती. अणुयुद्धात इमारती जातात, जमीन नासते. भूकंप, पूर एका मुलखापुरते असतात. साथीचा रोग मात्र मालाला हात लावत नाही. मग ही मूठभर माणसं आणि हा एवढा माल, यांचं पुढे काय होतं यावर मालिका चालते.

हे यंत्र उघडं करून बघायचं तर बीबीसीची ‘सर्व्हायव्हर्स’ सर्वांत सोयीची. एप्रिल 1975 मध्ये ती सुरू झाली आणि 1977 मध्ये संपली. तीन पर्व, एकूण 38 भाग. निर्मिती टेरी नेशनची. ‘डॉक्टर हू’ मधले डालेक ज्याने जन्माला घातले तोच हा लेखक. पण इथे यंत्रमानव नाहीत की परग्रहवासी नाहीत. इंग्लंडमधली पावसाळी शेतं आहेत, आणि गाय कशी दोहायची हे ठाऊक नसलेली शहरी माणसं.

रोगाचा सगळा खुलासा शीर्षकांच्या वेळीच उरकला आहे. प्रयोगशाळेत मुखवटा घातलेल्या शास्त्रज्ञाच्या हातून काचेचं भांडं निसटतं. मग विमानं, विमानतळ आणि पारपत्रावर एकामागून एक उमटणारे शिक्के. एकही संवाद नाही. तरी यात एक अडचण हुशारीने सोडवली आहे. माणसाला तासाभरात आडवा करणारा रोग फार लांब जात नाही, कारण रोगी घराबाहेरच पडत नाही. साथ जगभर पोचायची तर रोग्याने काही दिवस हिंडतं-फिरतं राहायला हवं. त्या दिवसांत त्याला देशोदेशी पोचवायचं काम विमानाने केलं. पुढे रोगाबद्दल फार बोलावं लागत नाही, आणि मालिका बोलतही नाही.

खऱ्या साथी अशा वागत नाहीत. 1918 च्या इन्फ्लूएन्झाने भारतात एक कोटीहून अधिक माणसं नेली, तरी रेल्वे आणि कचेऱ्या चालू राहिल्या. पुण्यातला 1897 चा प्लेग तर उलटंच सांगतो. त्या साथीत सरकार नाहीसं झालं नाही. ते प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांच्या रूपाने थेट माजघरापर्यंत आलं. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या सरकार जास्त झालं म्हणून होत्या. मालिकेतल्या साथीला सरकार पुसून टाकायचं असतं, म्हणून तिथला मृत्यूचा आकडा इतका अवाढव्य ठेवतात. तो वैद्यकातून आलेला नसतो, कथेच्या गरजेतून आलेला असतो.

आता क्रम बघा. सगळ्यात आधी जाते वीज, कारण ती साठवून ठेवलेली नसते. केंद्रावर माणूस आला नाही की ती थांबते. त्यामागोमाग नळाचं पाणी आणि टेलिफोन. हे सारं पहिल्या भागातच होतं, आणि तेव्हाच्या प्रेक्षकांना त्याची चुणूक मिळालेली होती. 1974 च्या सुरुवातीला कोळशाच्या तुटवड्यामुळे ब्रिटनमध्ये कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती आणि दूरचित्रवाणी रात्री साडेदहाला बंद होत होती. भीती विकत आणायची गरजच नव्हती.

तापातून उठलेली अ‍ॅबी ग्रँट नवरा मेलेला बघते आणि मुलाच्या शोधात त्याच्या शाळेत जाते. तिथे एक म्हातारा शिक्षक भेटतो. माझ्या मते सगळ्या मालिकेचा कणा या प्रसंगात आहे. तो तिला समजावतो की आज दुकानं भरलेली आहेत, पण तो साठा आहे, उत्पन्न नाही. हत्यार वापरणं सोपं. ते मोडल्यावर नवं घडवायचं तर लोखंड हवं, आणि लोखंडासाठी खाणीपर्यंत मागे जायला हवं. साधी मेणबत्ती कशी करतात, हे तरी कितीजणांना येतं?

इथून मालिकेचं घड्याळ चालू होतं. साठ्यातली प्रत्येक वस्तू आपापल्या गतीने संपते. डबाबंद अन्न काही वर्षं टिकतं. पेट्रोल टाकीत राहिलं तरी हळूहळू बिघडतं. औषधांना मुदत असते. चांगला लेखक या मुदती कथानकासाठी वापरतो. पहिल्या पर्वात एका पेट्रोलच्या टँकरवरून माणसं मरतात, आणि तो भाग पाहताना खलनायक कोण हे गौण वाटतं. साठ्याच्या काळातला ठराविक माणूसही इथे हजर आहे: वर्मली नावाचा माजी कामगार पुढारी. तो बंदुका जमवतो, गोदामं ताब्यात घेतो आणि आपल्यालाच सरकार म्हणवतो. असा माणूस आता प्रत्येक मालिकेत दिसतो, इतका की कंटाळा येतो.

साठा आटला की पिकवायची वेळ येते, आणि अचानक सर्वांत दुर्मिळ वस्तू ठरते ती माणसाचे दोन हात. याचा सर्वांत कठोर भाग म्हणजे ‘लॉ अँड ऑर्डर’. वस्तीत एका मुलीचा खून होतो. संशय बार्नी या मंदबुद्धी तरुणावर जातो, मतदान होतं आणि त्याला गोळी घातली जाते. खुनी दुसराच निघतो. ज्यांना हे कळतं ते गप्प बसतात, कारण आणखी एक कामकरी गमावणं वस्तीला परवडणारं नाही. न्यायाचा हिशेब मजुरीच्या हिशेबाखाली दबतो. ‘सर्व्हायव्हर्स’ सुरू झाली त्याच महिन्यात त्याच वाहिनीवर ‘द गुड लाइफ’ ही विनोदी मालिका सुरू झाली होती. तीही घरच्या घरी पिकवून जगण्याबद्दलच, पण तिथे शेजारणीकडे कधीही चहा मिळत होता.

2008 मध्ये बीबीसीने ही कथा नव्याने केली. दिसायला ती चकचकीत होती, पण कथेत गुप्त प्रयोगशाळा आणि कारस्थान घुसलं. कुठेतरी सगळं ठाऊक असलेली माणसं बसली आहेत म्हटल्यावर मेणबत्ती कशी करायची हा प्रश्न लहान होतो. 12 भागांनंतर ती बंद झाली. 2021 च्या ‘स्टेशन इलेव्हन’ने उलट युक्ती केली: तिने मधली नांगरणी-पेरणी बरीचशी गाळून थेट वीस वर्षांनंतरचा काळ घेतला. तिथे साठा कधीच संपलेला आहे. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांभोवती एक मंडळी गावोगाव शेक्सपिअरची नाटकं करत हिंडते. मला ही मालिका फार आवडते, पण ती पोट भरल्यानंतरच्या प्रश्नाची गोष्ट आहे.

मूळ मालिका तिसऱ्या पर्वात पोटापलीकडे जाते ती देवघेवीच्या वाटेने. घोड्यावरून गावं जोडली जातात, बाजार भरतो, आणि मग हवा पैसा. ज्याच्या नावावर माणसं एकत्र यावीत असा ग्रेग प्रेस्टन तोवर देवीच्या रोगाने मेलेला असतो, पण ती बातमी दाबून त्याच्याच नावाने नोटा काढल्या जातात. नोटेमागे सोनं नाही. साठवलेलं पेट्रोल आहे. चलन कसं उभं राहतं हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा भाग मला दूरचित्रवाणीवर आठवत नाही.

शेवटच्या भागात मंडळी स्कॉटलंडला पोचतात. तिथे पाण्यावर चालणारं वीजकेंद्र शाबूत आहे आणि ते पुन्हा सुरू करू शकेल असा अभियंताही सापडलेला आहे. पण धरण स्कॉटलंडचं असल्याने, वीज इंग्लंडला द्यायची की नाही हे आपण ठरवणार असं तिथला जमीनदार म्हणतो, आणि दिवे लागण्याआधी घासाघीस सुरू होते.