पिकलबॉल: घोटण्यापेक्षा मिसळा

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली. आपला खेळ जगाला दाखवणाऱ्या वऱ्हाडाला नवा खेळ समजून घेणे अवघड नाही. १९६५ साली अमेरिकेत जन्मलेले पिकलबॉल तर सोयीचेच आहे, कारण त्याचे कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढे, म्हणजे ४४ बाय २० फुटांचे असते. जाळी मात्र कडेला ३६ आणि मध्यभागी ३४ इंच उंच. अमरावती-अकोल्यात बॅडमिंटन खेळणाऱ्यांच्या पायांना कोर्टाचे हे अंतर ओळखीचेच वाटेल.

नियम थोडे आहेत. सर्व्हिस कमरेखालून, तिरपी करायची. सर्व्हिस आणि तिचा परतावा, दोन्ही वेळा चेंडूचा टप्पा पडू द्यायचा. जाळीलगतच्या सात फुटांच्या पट्ट्यात, म्हणजे ‘किचन’मध्ये, उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. म्हणून इथे ताकदीपेक्षा अलगद फटका, ‘डिंक’, महत्त्वाचा.

सराव कसा करावा? एकच फटका घोटला की हात पटकन बसल्यासारखा वाटतो. पण ते टिकतेच असे नाही. १९८६ साली गुड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस शिकवून पाहिल्या. क्रम बदलत, मिसळून सराव केलेल्यांना त्या नंतरच्या चाचणीत अधिक चांगल्या जमल्या. दर वेळी मेंदूला फटका नव्याने आखावा लागतो, हे त्याचे एक कारण मानले जाते.

तेव्हा सुरुवातीला डिंक थोडा घोटा. मग डिंक, सर्व्हिस आणि परतावा आलटून-पालटून खेळा. असे मिसळताना आधी चुका वाढतील, त्यांना घाबरू नका.